अर्धी झालेली 'वुडी' विकत घेताना

जाहिरात बहुतेक अशीच असते: '१९४७ ची फोर्ड स्टेशन वॅगन, लाकडी बॉडी, बरंचसं काम झालंय, इंजिन चालू, वेळेअभावी विकणे.' खाली पाच फोटो, त्यातले चार गाडीच्या एकाच बाजूचे. पाचव्यात गराजच्या कोपऱ्यात रचलेली खोकी. ती खोकी कुणी बघत नाही. सगळ्यांची नजर मधाच्या रंगाच्या त्या लाकडावर खिळते. जुन्या वाड्याचा दरवाजा चाकांवर बसवून रस्त्यावर आणावा तशी ही गाडी दिसते, आणि आपल्याकडच्या माणसाला तर ती हमखास भुलवते. अशा लाकडी बॉडीच्या गाडीला अमेरिकेत 'वुडी' म्हणतात.

मी अमेरिकेत, मिशिगन राज्यात, डेट्रॉइटजवळ राहतो. अशीच एक अर्धवट १९४६ ची फोर्ड मी घेतली, आणि घेताना जिथे बघायला हवं होतं ते सोडून बाकी सगळीकडे बघितलं. त्यानंतर ओळखीतल्या तिघाचौघांनी जाहिराती पाठवून 'घेऊ का रे?' म्हणून विचारलं. त्यांना तुकड्यातुकड्याने सांगितलेलं इथे एकत्र लिहितो आहे. ज्याने आजवर जुनी गाडी घेतलेली नाही, लाकडाची तर नाहीच नाही, त्याच्यासाठी.

आधी गाडी कोणती ते ओळखा

रेल्वे स्टेशनवरून माणसं आणि ट्रंका हॉटेलात पोचवायला मोटारीच्या चासीवर सुतारांकडून लाकडी डबा बांधून घेत, त्यातून 'स्टेशन वॅगन' हे नाव आलं. फोर्डने १९२९ मध्ये मॉडेल ए वर स्वतःची वॅगन काढली. लाकूड लांबून आणावं लागलं नाही. मिशिगनच्या उत्तर भागात, आयर्न माउंटन गावाच्या परिसरात, हेन्री फोर्डने आधीच लाखो एकर जंगल घेऊन ठेवलं होतं. तिथला मेपल चौकटीला आणि बर्च फळ्यांना. बर्च म्हणजे आपल्या भूर्जवृक्षाचा चुलत भाऊ, पण ही फळी थर चिकटवलेली, प्लायवूडसारखी. कापून उरलेल्या तुकड्यांचा कोळसा केला जाई, आणि 'किंग्जफर्ड' या नावाने तो कोळसा आजही अमेरिकेत अंगणातल्या शेगड्यांसाठी विकला जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथल्याच फोर्डच्या कारखान्यात सैन्यासाठी लाकूड वापरून केलेली चार हजारांवर ग्लायडर विमानं बनली. लाकडाची जोडणी त्या लोकांना किती अवगत होती याचा अंदाज त्यावरून यावा.

आपल्यासाठी यातली महत्त्वाची गोष्ट एकच. १९४८ पर्यंतच्या फोर्डमध्ये पुढचं बॉनेट, मडगार्ड आणि काचेखालचा भाग पत्र्याचा, पण त्याच्या मागे जे उभं आहे ते लाकडावर उभं आहे. खांब, दारं, मागची झडप (सामानाकडचं मागचं दार), छताच्या कमानी, सगळं. छतावर लांब पट्ट्या आणि त्यांवर लेप दिलेलं कापड. हे ऐकून नवल वाटायचं कारण नाही. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला निघालेली पहिली एसटी हीसुद्धा लाकडी बॉडीची आणि कापडी छपराची होती.

१९४९ ते १९५१ च्या फोर्ड वॅगनचा मामला वेगळा. तिला छत पत्र्याचं, सांगाडा पत्र्याचा, दोनच दारं, आणि बाहेरून थर चिकटवून वाकवलेलं लाकूड. तिथे लाकूड कुजलं तर गाडी कुरूप होते, पण कोसळत नाही. १९५२ पासून फोर्डची वॅगन पूर्ण पत्र्याची झाली आणि लाकूड नुसतं चित्रापुरतं उरलं. आयर्न माउंटनचा कारखाना त्याआधीच, १९५१ च्या शेवटी, बंद झाला होता. खऱ्या लाकडाची ब्यूइक १९५३ पर्यंत निघाली. क्रायस्लरची टाउन अँड कंट्री १९४१ पासूनची, ॲश नावाच्या लाकडाची चौकट आणि महोगनीच्या फळ्यांची. ती देखणी आणि महाग.

इंग्लंडात असाल तर समोर बहुधा मॉरिस मायनर ट्रॅव्हलर येईल, १९५३ ते १९७१ ची. आकाराने लहान आणि खिशाला बरी. पण तिचाही मागचा अर्धा भाग ॲशच्या चौकटीने पेललेला असतो, त्यामुळे पुढचं बरंचसं तिलाही लागू पडतं. यापुढे मी १९४६ ते ४८ ची फोर्ड डोळ्यांसमोर ठेवून लिहितो, कारण तीच मला माहीत आहे.

अर्धी म्हणजे कुठली अर्धी?

'अर्धं काम झालंय' या वाक्याला स्वतःचा असा अर्थ नसतो. विकणाऱ्याला जे जमलं ते झालेलं असतं आणि जिथे त्याचे हात थांबले ते तुमच्यासाठी राहिलेलं असतं.

सर्वांत जास्त भेटते ती इंजिन-ब्रेक-वायरिंग झालेली आणि लाकूड राहिलेली गाडी. जुन्या गाड्यांच्या नादी लागलेल्या माणसाला पाना धरता येतो, रंधा धरता येत नाही. तो उत्साहात इंजिन खोलतो, रंगवतो, चालू करतो, आणि मग लाकडाच्या कामाचा अंदाज विचारायला सुताराकडे जातो. त्यानंतर जाहिरात येते. ही गाडी वाईट नाही, पण भाव ठरवताना 'अर्धी झाली' हे मान्य करू नका. फोर्डच्या त्या काळातल्या इंजिनाचे, ब्रेकचे, गिअरचे भाग आजही नवे बनतात आणि सहज मिळतात. पैसा आणि वर्षं खातं ते लाकूड. जे झालंय तो स्वस्त भाग आहे.

लाकूड चांगल्या हाताने झालंय आणि यंत्र बाकी आहे, अशी गाडी मिळाली तर जरा वेळ गप्प बसा, चेहऱ्यावर काही दाखवू नका. नवख्याने घ्यावी अशी हीच.

तिसरी, पूर्ण सुटी करून खोक्यांत भरलेली. सर्वांत स्वस्त आणि पहिल्या गाडीसाठी घेऊ नये अशी. ज्याने खोलली त्याच्या डोक्यात जोडणीचा नकाशा होता, तो खोक्याबरोबर मिळत नाही.

आणि चौथी, कुजलेल्या लाकडावर लांबी (म्हणजे पुट्टी) भरून, रंग मारून, वर चकचकीत वॉर्निश दिलेली. फोटोत सगळ्यांत सुंदर हीच दिसते. मी घेतली ती हीच.

फोनवर काय विचारायचं

निघण्याआधी तीन गोष्टी विचारा. गाडी आत ठेवलेली आहे का, आणि असेल तर जमीन सिमेंटची की मातीची. काम करताना काढलेले फोटो आहेत का. आणि कुठले लाकडी भाग नवे घातले, कुठले जुनेच आहेत. तिसऱ्या प्रश्नाला जो 'मागचा डावा खांब खालून एक फूट, पुढच्या उजव्या दाराची खालची पट्टी, बाकी मूळचं' असं उत्तर देतो, त्याच्याकडे चारशे मैल गाडी चालवत जायलाही हरकत नाही. 'बहुतेक सगळं चांगलं आहे' असं म्हणणाऱ्याकडे जवळ असेल तर जा.

एक विनंतीही करा: मी येण्याआधी गाडी धुऊ नका, पॉलिश करू नका, आणि इंजिन गरम करून ठेवू नका.

बरोबर एक चांगली बॅटरी, टोचा, दाढीचा छोटा आरसा, लाकडातली ओल मोजायचं यंत्र (हे अगदी स्वस्तात मिळतं), मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक आणि जमिनीवर आडवं पडायला जुनी सतरंजी न्या. शक्य तर असा एक मित्र न्या ज्याला या गाडीत काडीचाही रस नाही. तुम्ही हरवून गेलात की तो तुम्हाला घरी आणतो.

लाकूड: इथे घाई करू नका

गाडीभोवती एक चक्कर मारा आणि सुंदर भाग बघून घ्या, म्हणजे ती हौस फिटेल. मग खाली वाका. लाकूड वरून कुजत नाही, खालून आणि आतून कुजतं. पाणी छताच्या कडेने, काचेच्या फटीतून शिरतं, खांबातून आणि दाराच्या पोटातून उतरतं आणि जिथे वाट संपते तिथे मुक्काम करतं. म्हणून पहिली जागा म्हणजे दारांच्या मधले आणि मागच्या कोपऱ्यातले खांब जिथे खालच्या आडव्या तुळईवर बसतात ती. दुसरी, चारही दारांची खालची पट्टी. काचेवरून दारात उतरलेलं पाणी बाहेर जायला तिथे वाट असते. ती रंगाने, वॉर्निशने किंवा कचऱ्याने बुजली की दार आतून भिजत राहतं. तिसरी, मागच्या झडपेची खालची बाजू. चौथी वर आहे: पुढच्या काचेवरचं आडवं लाकूड, जिथे छताचं कापड येऊन संपतं.

प्रत्येक ठिकाणी आधी टिचकी मारा. सुकं, निरोगी मेपल खणखणीत बोलतं. कुजलेलं भद्द करतं. हे पुस्तकात वाचून कळत नाही, म्हणून आधी दाराचा मधला, हमखास चांगला भाग वाजवून कान लावून घ्या आणि मग खाली सरका. फरक ऐकू येतोच. मग मालकाला विचारून, न दिसणाऱ्या जागी टोचा लावा. मेपल इतकं कठीण असतं की हाताच्या जोराने टोक फारसं आत जात नाही. पिकल्या पपईत गेल्यासारखं गेलं तर तो भाग संपला. आणि टोचा आधी अडून मग एकदम आत गेला तर वर लांबी आहे आणि खाली पोकळी.

ओल मोजताना आकडा १२ टक्क्यांच्या आत असेल तर समाधान माना. २० च्या वर असेल तर बुरशीला जगायला पुरेसं पाणी आत आहे, मग वरून लाकूड कितीही गोजिरं दिसो. बारीक गोल भोकं आणि त्यांखाली पिठासारखी भुकटी दिसली तर किडा आहे. भुकटी पुसून, दुसरं काही बघून अर्ध्या तासाने परत या. पुन्हा पडली असेल तर किडा जिवंत आहे.

काळ्या डागांना घाबरायचं की नाही हा प्रश्न नेहमी येतो. स्क्रूच्या डोक्याभोवती काळं वलय असतं ते लोखंड आणि पाणी मिळून लाकडाला चढलेला रंग. ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने तो पुष्कळसा निघतो (हातमोजे घालून, आणि पूड नाकात जाऊ न देता, हे रसायन विषारी आहे). लाकूड कठीण असेल तर डाग हा डागच. डागाखाली टोचा गेला तर मात्र ॲसिड कामाचं नाही. आणि उन्हाने, वयाने एकसारखं गडद झालेलं मूळ लाकूड दिसलं तर ते तासून उजळवायच्या फंदात पडू नका. फळीचा वरचा थर कागदासारखा पातळ असतो, पॉलिश पेपरचे चार हात जास्त पडले की खालचा थर वर येतो आणि मग ती फळी बदलण्यावाचून गत्यंतर नाही. जाणकार मूळ लाकडाला जास्त मोल देतात, थोडं काळवंडलेलं असलं तरी.

आता ती परीक्षा, जी मला कुणी आधी सांगितली असती तर माझे दोन हिवाळे वाचले असते. आरसा दाराखाली धरा आणि दाराची खालची कड बघा. मग बोट फिरवा. वॉर्निश लागतंय की कोरं लाकूड? तंतूंची टोकं उघडी राहिली की लाकूड तिथूनच पाणी पितं, त्यामुळे नीट काम करणारा माणूस प्रत्येक तुकडा जोडण्याआधी सहाही बाजूंनी वॉर्निश करतो. दिसणाऱ्या बाजूंना दहा हात आणि खालच्या कडेला शून्य असेल तर त्या माणसाने काम फोटोसाठी केलंय. खालची कड गुळगुळीत लागली तर तो जिथे तुमचा हात पोचणार नाही तिथेही तसाच वागला असण्याची शक्यता मोठी.

दुरुस्ती केलेली दिसली तर सांधा कसा घातलाय ते बघा. खांबाचा कुजलेला तळ कापून नवा तुकडा जोडताना सांधा लांब आणि तिरका हवा. होड्या बांधणाऱ्यांचा हिशेब असा की जाडीच्या आठपट लांबीचा उतार. सरळ आडवा कापून, गोंद लावून, दोन स्क्रू मारलेला खांब म्हणजे प्लास्टर न करता पट्टी बांधलेला पाय. इपॉक्सी भरून कूज घट्ट करण्याची पद्धत आहे आणि लहान जागी ती चालते; ज्यावर दार टांगलंय त्या खांबात चालत नाही. नवा तुकडा ओकचा असेल तर तोही चुकीचा. ओक मजबूत असतं, पण त्यातला आंबटपणा लोखंडी स्क्रूला खातो, आणि रेषा इतक्या वेगळ्या की दहा फुटांवरून ठिगळ ओळखू येतं.

दारं

चारही दारं उघडा-लावा. आपटून लागणारं दार आणि 'क्लक' आवाजाने लागणारं दार यांतला फरक सांगायला नको. मग अर्धं उघडलेलं दार टोकाला धरून हलकेच वर उचला आणि बिजागरीकडे बघत राहा. बिजागरीची कडी हलली तर झीज आहे, काम किरकोळ. बिजागरीसकट खांबच हलला तर खांब तुळईपासून सुटलाय, आणि तिथपर्यंत पोचायला गाडीचा निम्मा अंगरखा उतरवावा लागतो.

दाराभोवतीची फट वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर लाकडाला दोष देण्याआधी चासी बघा. लाकडी बॉडी चासीच्या आधाराने उभी असते. आधाराचे रबर बसलेले किंवा कुठल्यातरी जुन्या अपघातात चासी वाकलेली असेल, तर वर कितीही निष्णात सुतार आणा, दारं जुळत नाहीत. म्हणून कामाचा क्रमही ठरलेला आहे: आधी चासी सरळ, मग लाकूड कोरडं जुळवून दारं टांगून बघायची, मग सगळं पुन्हा उतरवून वॉर्निश, मग कायमची जोडणी. समोरच्या गाडीत मडगार्ड नवे कोरे रंगवलेले आणि लाकूड अजून जुळवायचं असेल तर क्रम उलटा झालाय. जुळवताना त्या रंगावर ओरखडे पडणार, त्याचे पैसे आत्ताच मनात वजा करा.

पत्रा आणि इंजिन

यावर बाहेर पुष्कळ माहिती मिळते, मी थोडक्यात आटपतो. चुंबक मडगार्डच्या खालच्या कडांवरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे.

व्ही-८ इंजिन २३९ घनइंचाचं, म्हणजे साधारण ३.९ लिटर, १०० अश्वशक्तीचं. दणकट आहे, पण गरम होतं. त्यात जळालेला वायू ब्लॉकच्या पोटातूनच बाहेर काढलेला असल्याने त्याची उष्णता पाण्यात उतरते. थंड इंजिन चालू करायला लावा, वीस मिनिटं चालू ठेवा आणि काट्याकडे बघा. चालू करण्याआधी रेडिएटरचं झाकण उघडून ठेवलं तर बुडबुडे येतात का ते दिसेल. एकदा गरम झाल्यावर मात्र झाकणाला हात लावू नका. तेलाची पट्टी काढा. त्यावर दुधाळ साय असेल तर पाणी तेलात जातंय. व्हॉल्व्हच्या आसपास ब्लॉकला तडा जाणं ही या इंजिनाची जुनी खोड, त्यामुळे दोन्ही खुणा दिसल्या तर इंजिन चालू आहे या बोलण्याला किंमत देऊ नका.

विजेचं काम ६ व्होल्टचं आणि अर्थिंग धन टोकाला, दोन्ही आजच्या गाड्यांपेक्षा वेगळं. आपल्या रोजच्या गाडीच्या बॅटरीची केबल उत्साहाने जोडणाऱ्यांसाठी हे वाक्य.

खोकी

जाहिरातीतला पाचवा फोटो आठवा. या वॅगनचे यंत्राचे भाग त्याच काळातल्या साध्या सेडान गाडीशी जुळतात, म्हणून ते मिळतात. वॅगनचे स्वतःचे भाग फक्त वॅगनलाच होतात: बिजागऱ्या, दारांची कुलपं, मागच्या झडपेचे आधार, काचा सरकायच्या चौकटी, आणि मधल्या व शेवटच्या ओळीच्या सीटचे सांगाडे. मागच्या सीट काढता यायच्या. त्यामुळे कुणीतरी १९५५ साली सामान भरायला काढून ठेवल्या आणि त्या तिथेच राहिल्या, असं फार वेळा झालेलं असतं. पुढे कॅलिफोर्नियातल्या पोरांनी या मोडकळीला आलेल्या वॅगन कवडीमोलाने घेऊन समुद्रावर लाटांच्या फळ्या न्यायला वापरल्या, तेव्हाही सीट ही पहिली फेकायची वस्तू होती. आता तीच पोरं आजोबा झाली आहेत आणि सीटचा सांगाडा शोधत फिरतात.

तेव्हा खोकी उघडा. प्रत्येक खोकं. मोजा, फोटो काढा, कागदावर लिहा. 'सगळं आहे त्यात कुठेतरी' हे उत्तर मी ऐकून घेतलं होतं. मागच्या झडपेचा उजवा आधार त्यात नव्हता. तो शोधण्यात चौदा महिने गेले, आणि तोवर झडप मी नायलॉनच्या दोरीने बांधून फिरलो.

'नव्या लाकडाचा पूर्ण संच सोबत' असं लिहिलं असेल तर तो संच भोकं पाडून, खाचा करून, एकदा जुळवून बघितलेला आहे की नुसता आकारात कापलेला आहे हे विचारा. आणि वर्षानुवर्षं कुठे ठेवला होता तेही. भिंतीला तिरका टेकवून ठेवलेलं लाकूड बाक धरतं.

कागद

टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा सरकारी कागद, विकणाऱ्याच्या नावावर हवं. त्याच्या वारलेल्या काकाच्या नावावर असेल तर आधी त्याने ते स्वतःच्या नावावर करावं, मग बोलू. त्यावरचा क्रमांक आणि चासीवर ठोकलेला क्रमांक जुळायला हवा. या फोर्डमध्ये तो डाव्या बाजूच्या लोखंडी तुळईच्या वरच्या पृष्ठावर, इंजिनाच्या बाजूला असतो. गंजाखाली गेला असेल तर तारेच्या ब्रशने अलगद साफ करून वर खडू चोळा, अक्षरं वर येतात. १९४६ च्या व्ही-८ चा क्रमांक ९९ए ने सुरू होतो, १९४७ चा ७९९ए ने आणि १९४८ चा ८९९ए ने. या तीन वर्षांच्या गाड्या दिसायला जवळपास सारख्या असल्याने लोक सर्रास वर्ष चुकीचं सांगतात, कधी अजाणता, कधी जाणूनबुजून.

मिशिगनमध्ये २५ वर्षांहून जुन्या गाडीला ऐतिहासिक वाहनाची नंबरपाटी मिळते. ती घेतली की गाडी मेळावे, मिरवणुका, क्लबची कामं यांसाठी चालवायची, आणि ऑगस्ट महिन्यात मात्र मनाला येईल तशी. मिशिगनचा ऑगस्ट छान असतो. विमा घेताना 'ठरलेल्या किमतीचा' घ्या. साध्या विम्यात तुमची गाडी म्हणजे ऐंशी वर्षं जुनी फोर्ड, एवढंच त्यांना दिसतं.

भाव

हिशेब शेवटाकडून मांडा. अशीच, पूर्ण झालेली, चांगल्या अवस्थेतली गाडी आज प्रत्यक्ष कितीला विकली जाते ते शोधा. मागितलेला भाव नको, विक्री झालेला भाव हवा. त्यातून राहिलेल्या कामाचा खर्च वजा करा: लाकूड, वॉर्निश, छताचं कापड, सीट, क्रोम, हरवलेले भाग. लाकडाचा अंदाज हे काम रोज करणाऱ्याकडून घ्या. पूर्ण बॉडी नव्या लाकडात करून घ्यायची तर खर्च पाच आकडी डॉलरमध्ये जातो, हे ऐकून बसायला खुर्ची जवळ ठेवा. उरलेली रक्कम बहुतेक वेळा विकणाऱ्याच्या आकड्यापेक्षा फार कमी निघते, कधी शून्याखाली. याचा अर्थ तो लबाड आहे असा नाही. त्याने घातलेले पैसे त्याला परत हवे आहेत. ते तुम्ही द्यायचे की नाही हे तुम्ही ठरवा.

घासाघीस करताना गाडीला नावं ठेवू नका. त्या माणसाने तिच्यावर शनिवार-रविवार घातलेले असतात. तुमची यादी समोर ठेवा, एकेक वस्तू आणि तिचा खर्च, आणि आकडा सांगून थांबा. शांतपणे थांबता येणं आपल्या लोकांना जड जातं, पण इथे उपयोगी पडतं. व्यवहार ठरला तर पैसे त्याच्या बँकेत, टेबलाच्या दोन बाजूंना बसून द्या, आणि पावतीवर खोक्यांतल्या वस्तूंची यादी जोडून दोघांच्या सह्या घ्या. गाडी न बघता आगाऊ रक्कम पाठवायला सांगणाऱ्याशी पुढे बोलूच नका.

घरी आणल्यावर

चालवत आणू नका. बंद ट्रेलर भाड्याने घ्या, पट्टे चासीला आणि आसाला बांधा, लाकडाला कुठेही टेकू देऊ नका.

पहिला मोह असतो तो उबदार गराजमध्ये ठेवण्याचा. हिवाळ्यात इथे हीटर लावला की हवा पापडासारखी कोरडी होते, आणि वर्षानुवर्षं थंड शेडमध्ये राहिलेलं लाकूड आठवडाभरात आक्रसतं. माझ्या गाडीचे दोन सांधे असेच उघडले, रात्री स्वयंपाकघरात बसलेलो असताना 'कट्ट' असा आवाज आला होता. पहिला हिवाळा गराज थंडच ठेवा, किंवा आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील असं बघा. प्लास्टिकचं आच्छादन घालू नका, सुती घाला. काचा बोटभर उघड्या ठेवा.

काम सुरू करायचं असेल तर छतापासून करा. वरून पाणी येणं थांबत नाही तोवर खाली केलेलं काहीही टिकत नाही. वॉर्निश बोटींच्या डोलकाठीला लावतात तेच आणा. ते लवचिक असतं, लाकूड फुगलं-आक्रसलं तरी तडकत नाही. पातळ हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या, मध्ये बारीक पॉलिश पेपर फिरवा, आणि आठ-दहा हातांची तयारी ठेवा. दरवर्षी वसंतात आरसा घेऊन पुन्हा सगळ्या खालच्या कडा बघायच्या, जिथे वॉर्निश पांढुरकं झालंय तिथे त्याच दिवशी हात द्यायचा. माझा यंदाचा राहिलाय, मागच्या डाव्या दाराचा. रविवारी पाऊस नसेल तर करेन.